तीन घासांचा नान

मी एक जुना नान आहे. हसू नका, मित्रांनो. नान जुना कसा असेल, असं तुमच्या मनात आलं असणार. बरोबरच आहे. नानाचं आयुष्य ते केवढं! सकाळी तंदूरमधून बाहेर यायचं आणि दुपारपर्यंत कुणाच्या तरी पोटात जायचं. राहिलाच, तर दुसऱ्या दिवशी चहात बुडवून खातात. मी मात्र अकरा वर्षांचा आहे. माझं अंग टणक झालं आहे, रंग जुन्या जोड्यासारखा झाला आहे, आणि माझ्या कडेला तीन ठिकाणी दातांच्या खुणा उमटल्या. तीन माणसांनी माझा एकेक घास घेतला. बाकीचा मी जसाच्या तसा भिंतीवर टांगलेला राहिलो.

माझा जन्म मजार शहरात, ओयसुलू आपाच्या अंगणातल्या तंदूरमध्ये झाला. आपा उझबेक. तिच्या उजव्या हाताला बख्तावरचं घर, ती हजारा. डाव्या हाताला शम्स मास्तर, तो ताजिक. तिन्ही घरांचं पीठ वेगळं, पण तंदूर एकच. मग कुठला नान कुणाचा हे कसं कळायचं? त्यासाठी प्रत्येक घराचा ठसा होता. लाकडी मुठीत खिळे बसवलेले असत. नान तंदूरला चिकटवण्याआधी तो त्याच्या मध्यावर दाबायचा, म्हणजे नक्षी उमटते आणि नान फुगत नाही. आपाचं फूल, बख्तावरची चांदणी, मास्तरच्या घरच्या तीन गोल रेघा. ठसा एवढ्याचसाठी, की भाजल्यावर भांडण नको. तरी भांडणं होतच. आपा तर भांडल्याशिवाय नान भाजतच नसे.

आता माझ्या तीन माणसांची ओळख करून देतो. पहिला तुर्सून, आपाचा मुलगा. तो घोडागाडी हाकायचा. अंगाने धिप्पाड आणि डोक्याने तापट. बायको बाळंतपणात गेलेली, मागे तूती नावाची पाच वर्षांची मुलगी. दुसरा इवज, बख्तावरचा एकुलता एक. तो जोडे शिवायचा. तो तान्हा असताना बख्तावर आजारी पडली, तेव्हा आपाने त्याला तुर्सूनबरोबर आपल्या अंगावर पाजलं होतं. त्यामुळे ते दोघे दूधभाऊ. तिसरा शम्स, शाळेत शिकवणारा. त्याची आई लवकर गेली, म्हणून तोही आपाच्या ओट्यावरच वाढला. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. तो आपाला आणि बख्तावरला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा.

इवजचा पुढचा दात अर्धा मोडलेला होता. जर्दाळूची कोय दातांनी फोडायला गेला आणि दातच फुटला. आपा त्याला संधी मिळेल तेव्हा चिडवायची.

"अरे जोडेवाल्या, घरात हातोडी असताना दात मोडून घेतलास! आता तुला मुलगी कोण देणार?"

"माझा काय दोष, आपा? तुझ्याच दुधात दम नव्हता," असं तो म्हणायचा आणि फटका चुकवून पळायचा.

हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. अकरा वर्षं मी त्या भिंतीवर याच गोष्टी ऐकत आलो. वाट बघणारी माणसं जुनंच पुन्हा पुन्हा बोलतात.

ज्या वर्षी मी झालो, त्या वर्षी खरबुजांच्या ऐन हंगामात बंदूकवाले शहरात शिरले. पहिले दोन दिवस रस्त्यात जो दिसेल त्याच्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या. भाजीवाला, घोडा, शाळेतून परतणारी मुलं, काही बघितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरू लागले. आधी हजारांना शोधत होते. मग उझबेक आणि ताजिकसुद्धा. तरुण पुरुष दिसला की उचल, असं चाललं होतं. आपाने बख्तावरला आणि इवजला तंदूरच्या मागच्या कडब्याच्या खोलीत लपवलं, दारासमोर शेणाच्या गोवऱ्या रचल्या, आणि स्वतः तंदूरपाशी बसून नान भाजायला लागली. तुर्सून आणि मास्तर छपरावर कापसाच्या ढिगात होते.

दोन बंदूकवाले अंगणात आले.

"या गल्लीत हजारा कोण आहेत?" एकाने विचारलं.

"मला काय विचारता? मला माझी भूक दिसते आणि या पोरीची," आपा तूतीकडे बोट करून म्हणाली.

टोपलीत सात नान होते. त्यांतल्या दोनांवर बख्तावरची चांदणी होती. आपाची एवढी मोठी चूक झाली होती. रोजच्या सवयीने तिने ज्याच्या त्याच्या पिठाला ज्याचा त्याचा ठसा मारला होता. नशीब, की त्या परक्या माणसांना ठशातलं काही कळत नव्हतं. त्यांनी टोपली उचलली, पिठाची थैली खांद्यावर टाकली आणि जाताना सांगितलं, "उद्या परत येतो. घर उलथून बघू."

म्हणून तिघा तरुणांनी पहाटेच निघायचं ठरलं. खरबुजांच्या मळ्यांतून दक्षिणेच्या डोंगरात शिरायचं आणि तिथून पुढे जायचं.

आता माझी पाळी आली. आमच्याकडे रीत आहे, मित्रांनो. घरातला माणूस लांब जायला निघाला की त्याला एक अख्खा नान देतात. त्याने त्याचा एकच घास घ्यायचा. उरलेला नान घरात टांगून ठेवायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही. तो माणूस परत आला की त्यानेच तो संपवायचा. त्याचा घास घरात अर्धा राहिला आहे, तेव्हा त्याला यावंच लागेल, असं आपाचं म्हणणं. म्हणजे प्रत्येकाला एक याप्रमाणे तीन नान हवे होते. पण पीठ तर गेलेलं. आपा, बख्तावर आणि मास्तर, तिघांनी आपापल्या डब्यांच्या तळाचं पीठ झाडून आणलं. जेमतेम एका नानाचं झालं.

"ठसा कुणाचा मारू?" आपाने विचारलं.

"तुझाच मार. तंदूर तुझा," बख्तावर म्हणाली.

"पीठ तिघांचं आणि फूल माझं? उद्या तूच म्हणशील, आपाने माझा नान पळवला."

"या घटकेलासुद्धा तुला भांडायचंच आहे का?"

आपाने ठसा बाजूला ठेवला आणि मला तसाच तंदूरला चिकटवला. ठसा नसला की नान फुगतो. मी टम्म फुगलो. आजही मला टिचकी मारली, तर आतून पोकळ आवाज येतो.

पहाटे तिघांनी माझा एकेक घास घेतला. तुर्सूनने मोठा लचका तोडला. मास्तरने अगदी कडेचा, चिमणीच्या चोचीएवढा. इवजने घेतला तेव्हा मोडक्या दाताच्या जागी मधे एक बारीकशी शेंडी राहून गेली. ती बघून तूती हसली. बख्तावरने मुलाच्या पाठीमागे तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये." इवज आईकडे वळून म्हणाला, "आबै, मागच्या फळीवर दुकानदाराचे दोन जोडे आहेत. टाचा मारून झाल्यात. देऊन टाक." एवढं बोलून तो गेला.

आपाने मला पांढऱ्या फडक्यात बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. त्या दिवसापासून तिने दाराला आतून कडी लावली नाही. फक्त दार लोटायची. कधीही येतील, दारात ताटकळायला नकोत, असं म्हणायची.

माझं काम सुरू झालं. दुसरे नान पोट भरतात, माझं काम टांगून राहायचं. सोपं वाटतं ना? करून बघा. मुंग्या आल्या, उंदीर आला, एकदा छत गळून मी ओला झालो आणि आपाने मला तीन दिवस उन्हात ठेवलं. हळूहळू मी वाळलो. कौतुकही कमी झालं नाही. शेजारणी यायच्या, मला बघून डोळ्यांना पदर लावायच्या आणि म्हणायच्या, "जिवंत असतील गं, नान शाबूत आहे ना!" जणू तिघांचा जीव माझ्यातच ठेवला होता. मला अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

सहा महिन्यांनी, हिवाळा सरता सरता, शम्स मास्तर एकटाच परत आला. तुरुंगात होता. दाढी वाढलेली, पायात एकच जोडा. दोघी बायका धावत आल्या.

"आणि ते दोघे?"

मास्तरने पायातला जोडा काढला. मग म्हणाला, "आमची वाटेत चुकामूक झाली, खाला. मला पकडलं. ते पुढे निघून गेले. इराणच्या बाजूला गेले असतील."

आपाने मला खाली काढलं, त्याच्यासमोर जेवणाचं दस्तरखान पसरलं, चहाचा पेला ठेवला. "खा, बाळा. तू आलास. तुझा वाटा संपव."

मास्तरने मला हातात घेतलं. त्याने मला इतकं घट्ट धरलं की माझ्या कडेचा चुरा पडला. त्याने मला तोंडापर्यंत नेलं, आणि परत खाली ठेवलं. "नको, खाला. ते दोघे येऊ देत. तिघे मिळून खाऊ."

"बघा, याला म्हणतात मित्र!" आपा साऱ्या गल्लीला सांगत सुटली. मला मात्र तेव्हाच शंका आली होती. त्या हातांना भूक होती. भुकेला माणूस नान खाली ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी सलत असतं.

मग वर्षामागून वर्षं गेली. दर ईदला मास्तर दोघींना काहीबाही सांगायचा. कधी म्हणे, कुणा ट्रकवाल्याने इवजसारखा माणूस इराणात मशहदला जोडे शिवताना बघितला. कधी म्हणे, तुर्सून वीटभट्टीवर कामाला आहे, पैसे साठवतोय. दोघी म्हाताऱ्या त्या एका बातमीवर वर्ष काढायच्या. बख्तावरने इवजसाठी लोकरी मोजे विणायला घेतले. एक जोडी झाली की दुसरी.

मध्ये दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीठ नाही, गवत उकडून खायची वेळ आली. एका दुपारी सात-आठ वर्षांची तूती पेटीवर चढली आणि तिने फडक्याची गाठ सोडली. तिचे दात माझ्या कडेला लागणार, एवढ्यात आपा आली आणि तिने तिच्या थोबाडीत मारली. मग तिलाच पोटाशी धरून रडली. "तुझ्या बापाचा आहे गं तो. तू खाल्लास तर तो येणार कशाला?" मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला वाटलं, मी त्या पोरीच्या पोटात गेलो असतो तर माझं सोनं झालं असतं. समोर भुकेलं मूल आणि आपण भिंतीवर, याच्याहून मोठी शिक्षा नानाला नाही.

गेल्या महिन्यात शहराबाहेर, जुन्या वीटभट्टीच्या मागे, कुणी घराचा पाया खणत होतं. जमिनीतून माणसांची हाडं निघाली. एक-दोघांची नव्हे, बऱ्याच जणांची. हळूहळू लोक जमले. ज्यांची माणसं त्या वर्षी गेली होती, ते सगळे तिकडे धावले. जोडे, जपाच्या तसबी, कापडाचे तुकडे एका चादरीवर मांडले होते. ओळखा, म्हणाले.

आपाने मला खिळ्यावरून काढलं.

"कुठे निघालीस?" बख्तावरने विचारलं.

"तिकडे. यात माझ्या मुलाचे दात आहेत. तुझ्याही मुलाचे आहेत, मोडक्या दातासकट. एकेक जबडा लावून बघते."

"आणि जुळला तर?"

"जुळला तर जुळला. नाही जुळला तर पुढच्या खड्ड्यावर जाईन. असे पुष्कळ खड्डे आहेत म्हणे."

नेमका तेव्हाच मास्तर दारात उभा होता. खणण्याची बातमी त्यालाही कळली होती. सत्तरीची म्हातारी हातात वाळका नान घेऊन मेलेल्यांचे जबडे तपासत फिरणार, हे त्याने ऐकलं. तो उंबरठ्यावरच बसला.

"जाऊ नका, खाला. ते तिथेच आहेत. मला माहीत आहे."

तूती, आता सोळा वर्षांची, कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

मग मास्तरने सगळं सांगितलं. मळ्याच्या शेवटी तिघांना पकडलं होतं. एकाने विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण? "माझ्या तोंडातून निघून गेलं, खाला. मी यांना ओळखत नाही, वाटेत भेटले, असं म्हणालो. इवजने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा मला खोटा पाडणार. पण त्याने मला शिवी घातली. म्हणाला, खरं आहे, असला भेकड आमच्यातला नाही. आणि माझ्या पायावर थुंकला. त्याने तसं केलं म्हणून त्यांना पटलं. मग त्याने तुर्सूनकडेही बोट दाखवलं. हाही आमचा नाही, उझबेक आहे, म्हणाला. पण तुर्सून ऐकेना. खोटं बोलतोय, म्हणाला. हा माझा दूधभाऊ आहे, एका तंदूरचं खातो आम्ही. त्या दोघांना भट्टीच्या मागे नेलं. मला ट्रकमध्ये चढवलं. मला आवाज आले. दोन."

आपा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "गाढव," ती म्हणाली. "बापासारखाच गाढव माझा पोरगा. कुठे काय बोलावं कळलं नाही कधी." आणि एकदम वळून मास्तरवर धावली. नान तंदूरला चिकटवायची ओली गादी तिच्या हातात होती, तीच तिने त्याच्या पाठीत घातली. "अकरा वर्षं! अकरा वर्षं मी दाराला कडी लावली नाही! मशहद काय, वीटभट्टी काय! माझ्या हातचं खाल्लंस आणि खाल्ल्या मिठाला असा जागलास?"

मास्तरने मार चुकवला नाही. "म्हणून तर मला नान तोंडात घालवेना, खाला. ज्यांच्याबरोबर तो खाल्ला त्यांनाच ओळखत नाही म्हणालो. मग कुठल्या तोंडाने खाऊ? आणि तुमची तोंडं बघून खरं सांगायचा धीर होईना. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत राहिलो."

बख्तावर पुढे झाली. तिने हळूच विचारलं, "त्याने तुला शिवी दिली?"

"हो."

"माझ्या इवजने जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती." ती थोडंसं हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "तुझ्यासाठी दिली."

तिने आपाच्या हातातून मला घेतलं, दस्तरखानावर ठेवलं आणि मास्तरची बाजू, तो चिमणीच्या चोचीएवढा घास घेतलेली, त्याच्याकडे केली. "खा."

"खाला, नका..."

"माझ्या पोराने खोटं बोलून तुला घरी पाठवलं. आणि तू अकरा वर्षं घरी आलाच नाहीस. दारापर्यंत यायचास आणि खोटं सांगून परत जायचास. आज ये. खा."

मी दगडासारखा होतो, तुटेना. चहा कोण ओतणार? आपा अजून धुसफुसत होती. पण किटली तिनेच उचलली. तिने मास्तरला माफ केलं असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. पण चहा तिनेच ओतला आणि मला त्यात नीट भिजू दिलं. मास्तरने माझ्यातला आपला वाटा खाल्ला. रडत रडत, पण शेवटच्या तुकड्यापर्यंत. मित्रांनो, अकरा वर्षांनी माझा एक भाग कुणाच्या तरी पोटाला लागला. त्याहून सुखाची गोष्ट माझ्या आयुष्यात नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला आपाने दाराला कडी लावली. गंज चढला होता, दोनदा जोर लावावा लागला.

आज सकाळी तूती मला फडक्यात घेऊन वीटभट्टीकडे निघाली आहे. मागून दोघी म्हाताऱ्या आहेत, एकमेकींचा हात धरून, आणि चार पावलं मागे मास्तर. माझे दोन वाटे उरले आहेत, एक मोठ्या लचक्याचा आणि एक मोडक्या दाताचा. तिथे त्यांचा चुरा करून मातीवर पसरणार आहेत. पाखरं खातील.

मित्रांनो, बंदूक समोर असताना माणसाच्या तोंडातून काय निघतं, यावर मी काय बोलू? मी एक नान. त्याबद्दल मी मास्तरला बोल लावणार नाही. माझी विनवणी त्यानंतरची आहे. ज्यांच्या घरचे असे नेले गेले, त्यांच्या दारात गेलात तर गोड बातमी घेऊन जाऊ नका. जे ठाऊक असेल ते सांगा. ऐकणाऱ्याचं काळीज फाटेल, पण त्याला दाराला कडी लावता येईल. आणि भुकेलं मूल समोर असेल तर नान भिंतीवर ठेवू नका.

भट्टी दिसायला लागली आहे. बख्तावरने वाटेत तूतीला सांगितलं, "इवजचा वाटा आधी कुस्कर गं. त्याला नेहमी घाई असायची." आपा लगेच म्हणाली, "का? तुर्सूनचा आधी. तो मोठा." दोघी भांडत भांडत चालल्या आहेत.